माकडहाड विरुद्ध मी

२ फेब्रुवारी, सोमवार

काल पुन्हा मेलो. तिसरा अंक, नेहमीची जागा, हीरोचा सुरा. ड्रम धडाम वाजतो, सुरा पोटात जातो आणि मी मागच्या मागे सपशेल आडवा. टाळ्या भरपूर. लोकांना माझं मरण फार आवडतं.

पण आज बातमी आहे. गर्दी रोडावली म्हणून दिग्दर्शकाने ठरवलंय की मार्चमध्ये नाटकाचा शेवट उलटा करायचा. खलनायक हीरोला मारणार. खलनायक म्हणजे मी. इतकी वर्षं मी मेलो की दोघं जण येऊन मला तंगड्या धरून विंगेत ओढतात आणि पडदा पडतो तेव्हा मी आत पाणी पीत असतो. आता पडदा पडताना मी स्टेजच्या मध्यभागी उभा असणार. पायाखाली हीरो.

मुलगी लहान असताना तिने शाळेत घराचं चित्र काढलं होतं. आई उभी, ती स्वतः उभी, बाबा आडवे. बाईंनी विचारलं, बाबा आजारी आहेत का? तर म्हणाली, नाही, ते तसेच असतात. ते चित्र अजून कपाटात आहे. बघितलं की संताप येतो आणि टाकवतही नाही. मला एकदा तिच्यासमोर शेवटपर्यंत उभं राहायचं आहे. बस्स.

अट एकच. शेवटच्या मारामारीत माझा शर्ट फाटतो. दिग्दर्शक माझ्याकडे बघून म्हणाला की हे पोट जिंकणाऱ्या माणसाचं वाटत नाही. त्याच क्षणी त्याचा गळा आवळावासा वाटला. आवळला नाही. रोल हवा आहे.

उद्यापासून सिट-अप्स. रोज पन्नास.

३ फेब्रुवारी, सकाळ

पन्नासपैकी चार. आकड्याला महत्त्व नसतं, सातत्याला असतं.

उठताना कोणीतरी खालून माकडहाडात खिळा ठोकतंय असं वाटलं. दोष माझा नाही. आमची फरशीच मुळात वाईट स्वभावाची आहे. तिला दोन सणसणीत ठोसे लगावले. तिसऱ्याच्या आधी थांबलो, कारण दारात बायको. काय पडलं म्हणाली. काही नाही म्हटलं.

उजवा हात सुजलाय. हरकत नाही. सुरा डाव्या हातातही शोभतो.

४ फेब्रुवारी

मॅट आणली. दुकानदार म्हणाला, ही टाकलीत की खाली जमीन आहे हे विसराल. पाचव्या सिट-अपला जमिनीने स्वतःहून आठवण करून दिली. मॅटची गुंडाळी केली आणि भिंतीवर आपटली. मॅटला ओरखडासुद्धा नाही. भिंतीवरचं घड्याळ मात्र गेलं. तडक दुकानदाराचे दात पाडायला निघालो, तर दुकान बंद. नशीब काढून आलाय लेकाचा.

मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे अजून कच्ची आहे. तिने माझे सिट-अप्स कमरेवर हात ठेवून बघितले आणि लेक्चर दिलं. तू झटका मारून उठतोस, सगळा भार हाडावरून घरंगळत जातो, पडून पडून ते हाड आधीच चिडलेलं आहे, एक्स-रे काढ, सिट-अप्स बंद कर. त्याऐवजी पाठीवर झोपायचं, कंबर जमिनीला दाबून धरायची, हातपाय वर हवेत, आणि एका बाजूचा हात नि दुसऱ्या बाजूचा पाय सावकाश खाली आणायचा. हाडाला त्रास कमी, पोटाला काम जास्त.

करून बघणारच होतो. पण नाव काय म्हटलं, तर डेड बग. म्हणजे मेलेलं झुरळ.

मी तिला स्पष्ट सांगितलं की जन्मभर स्टेजवर मेलो, आता स्वतःच्या घरात, ते पण झुरळ होऊन, मरणार नाही. ती म्हणाली, मग दुखू दे. तिची आईच बोलली तिच्या तोंडून.

८ फेब्रुवारी, रविवार

प्रयोग. मेलो. आज हीरोने मारण्याआधी केस सारखे केले. समोर खलनायक धापा टाकतोय, तिकडे हिरोईन ओक्साबोक्शी रडतेय, आणि हा डाव्या हाताने बट मागे सारतोय. शिवाय मी पडल्यावर बरगडीत एक लाथ जास्तीची. संहितेत नाही. विचारलं तर म्हणाला, ओघात आली, दादा. २२ मार्चला, उलट्या शेवटाच्या पहिल्या प्रयोगात, माझ्याही ओघात बरंच काही येणार आहे.

गादीने वाचवलं. आमच्या कंपनीचा जुना नियम आहे: ज्याला मरायचं, त्याने आपली गादी आपण घालायची. मध्यंतरात पडदा बंद असताना मी स्वतः गालिचा उचलतो, गादी सरकवतो, काठ दाबतो, गालिचा पसरतो. प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. दुसऱ्याने घातलेल्या गादीवर आमच्यात कोणी पडत नाही, वीतभर सरकली तर कंबरडं मोडायचं. आणि मरणाऱ्याला त्याच्या गादीची आठवण करून देणं तर सक्त मना. अपशकुन मानतात. हे सगळं कोणी कोणाला शिकवत नाही. मरता मरता कळतं.

१२ फेब्रुवारी

मुलीचं म्हणणं, करायचेच असतील सिट-अप्स तर मॅटवर दोन टॉवेलच्या घड्या ठेव, मध्ये फट ठेव, म्हणजे हाड फटीत अधांतरी राहील. मला हे पटलं नाही. दुखतं तिथे मऊ हवं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. म्हणून घडी न करता एक गच्च गोळा केला आणि बरोबर हाडाखाली ठेवला. टॉवेल ओले होते, म्हणून बायकोच्या मशीनवर पडलेला मखमली कोट घेतला. बायको कंपनीची कपडेपटवाली. कोट हीरोचा. त्याच्यावर आपटण्यात वेगळंच समाधान होतं.

दुखणं दुप्पट. कोटाची बाही खांद्यापासून सुटली.

बायकोने कात्री फेकून मारली. माझ्या कानाजवळून जाऊन दाराच्या चौकटीत रुतली. ती धावत्या उंदराला चप्पल मारू शकते. म्हणजे नेम मुद्दाम चुकवला. इतक्या वर्षांनीही तिचा जीव आहे माझ्यावर.

१७ फेब्रुवारी

मधोमध भोक असलेली उशी मिळते म्हणे. हाडाला कुठेच टेकावं लागत नाही. विकत कशाला आणायची? सोफ्याची उशी घेतली, कांदे चिरायची सुरी घेतली आणि भोक पाडायला बसलो.

पहिला वार छान बसला. इतका छान, की भूमिकेत शिरलो. उशी म्हणजे हीरो. मग काय, भोसकत सुटलो. मर, मर, असं ओरडलो असेन. भानावर आलो तेव्हा उशी शिल्लक नव्हती, घरभर फोमचा भुगा होता आणि उघड्या दारात खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर काठी घेऊन उभे होते. त्यांना वाटलं, मी बायकोला संपवलं. रोजच्या धपाधपीवरून त्यांना हा संशय आधीपासून होता.

समजावून सांगायला सुरी हातात घेऊनच पुढे झालो. ही बारीकशी चूक. मास्तरांनी नडगीवर काठी हाणली. मी काठी पकडून खेचली, तर काठीबरोबर मास्तरही आले. दोघेही खाली. मी खालच्या बाजूला. माकडहाडावर.

मास्तर सत्तरीचे आहेत. मी त्यांना जिंकू दिलं. बायको बाजारातून आली तेव्हा ते माझ्या छातीवर बसून श्वास घेत होते. तिने आधी त्यांना पाणी दिलं.

१ मार्च, रविवार

शेवटचं मरण. ड्रम, सुरा, धाड. लाथ आजही होती, पण मी पडल्या पडल्या गालात हसलो. दोन रविवार प्रयोग बंद, फक्त तालमी, आणि २२ला हिशोब.

प्रयोगानंतर गालिच्याखालून गादी काढली आणि टॅक्सीच्या टपावर टाकून घरी आणली. माझं मरण बंद, तर गादी तिथे कशाला? शिवाय ती माझीच. तिच्यात माझ्या पाठीचा खळगा आहे.

बायकोने विचारलं, ही इथे का? म्हटलं, व्यायामाला. तिने गादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होती, पण सुईत दोरा ओवायला लागली.

४ मार्च

गादीवर व्यायाम म्हणजे सुख. हाड अजिबात दुखलं नाही. दोन सिट-अप्स झाले आणि जाग आली तेव्हा दहा वाजून गेले होते. झोपेतही स्नायू बनतात, हे कुठेतरी वाचलंय.

पोट बाहेरून तसंच दिसतं. आतून घट्ट झालंय.

१० मार्च

तालीम. छोटासा प्रश्न. शेवटचा प्रवेश, मी सुरा उचलतो, हीरो समोर, ड्रम धडाम. आणि माझे गुडघे वाकले. दिग्दर्शक ओरडला की तू का पडतोस, तू मारतोयस. म्हटलं, पवित्रा घेत होतो. पुन्हा केलं. पुन्हा ड्रम. पुन्हा गुडघे. तिसऱ्यांदा ड्रमवाल्याच्या अंगावरच धावून गेलो आणि त्याच्या टिपऱ्या हिसकावून गुडघ्यावर मोडल्या. एक मोडली. दुसरीने गुडघाच सुजला.

दिग्दर्शकाने आता तालमीत ड्रम बंद ठेवलाय. ड्रमशिवाय मी उत्कृष्ट मारतो.

१५ मार्च

आज हीरोला खरी थोबाडीत बसली. ओघात.

त्याने केसांना हात लावला आणि माझा हात आपोआप उठला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तो क्षणभर बघत राहिला, मग माझ्या दंडाला चावला. मी त्याची बट धरली. तो म्हणाला केस सोडा, मी म्हटलं दात सोड. टेबल मोडलं, पितळी समई नव्हती म्हणून बरं, लाकडी दिवा होता, तो त्याने माझ्या पाठीत घातला. चौघांनी मिळून सोडवलं. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी होतं. हेच, म्हणाला, हेच हवंय मला.

पडायची तालीम हीरोने एकदाही केली नाही. कपडे मळतात म्हणे. प्रयोगाला पडेन व्यवस्थित. पडू दे. माझं काम मारायचं.

२१ मार्च

उद्या. मुलगी पहिल्या रांगेत बसणार. स्वतः म्हणाली, सुट्टी काढलीय. वर विचारलं, हाड कसं आहे? म्हटलं, कुठलं हाड? ती म्हणाली, बस बघू खुर्चीवर. मी उभ्यानेच चहा प्यायलो. उभा राहायची सवय करतोय, म्हटलं.

ते चित्र कपाटातून काढून बघितलं. उद्या रात्री तिला म्हणणार, नवीन काढ.

२२ मार्च, दुपार

शर्ट नवा. पोट आत. सुरा पुसला. आज मी त्याला चिरडणार आहे.

२३ मार्च, पालथा पडून

अक्षर वाकडं येतंय. बसता येत नाही. काय झालं ते मात्र नीट लिहून ठेवतो, कारण लोक आपापल्या परीने सांगत सुटलेत.

पहिले दोन अंक, मी आग ओकत होतो. तिसऱ्यात मारामारी, शर्ट फाटला, पोटावर कोणी हसलं नाही. निदान पुढच्या रांगेत नाही. हीरोला कोपऱ्यात रेटला, कानाखाली एक, पोटात एक. तो लटपटत बरोबर त्या जागेवर आला. मी सुरा उचलला.

आणि गालिचा दिसला. सपाट.

गादी असली की तिथे किंचित फुगवटा असतो. दुसऱ्या कोणाला दिसणार नाही, मला अंधारातही दिसतो. काल नव्हता. गाढवाने गादी घातलीच नव्हती. मागे नुसत्या फळ्या, आणि हा मागे न बघता धाडकन पडणार. त्याची पाठ जाणार, कदाचित मानही. कोणी आठवण करून देणार नव्हतंच. आणि घालायची म्हटली असती तरी गादी माझ्या घरी होती.

एका क्षणात मी सगळा विचार केला. ह्याला मी जिवे मारायचं रोज स्वप्न बघितलंय. तरी पण माणूस म्हणून काही असतं. मी निर्णय घेतला. त्याच वेळी ड्रम वाजला, हा निव्वळ योगायोग.

मी पडलो. मुद्दाम. फळ्यांवर, माकडहाडावर, पूर्ण वजनाने. जो आवाज झाला तो ड्रमपेक्षा मोठा होता. हीरो सुऱ्याशिवाय, जखमेशिवाय, तसाच उभा. त्याला काही सुचेना, म्हणून त्याने केस सारखे केले. टाळ्यांचा कडकडाट.

मी म्हणणार होतो की थांबा, मी उठतो, अजून संपलं नाही. पण विंगेतून दोघं जण आले आणि सवयीने माझ्या तंगड्या धरून ओढायला लागले. फळ्यांवरून, त्याच हाडावरून, संबंध स्टेजभर. मी दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. प्रेक्षकांना ते मरणाचं कण्हणं वाटलं.

पडदा पडला तेव्हा मी विंगेत होतो.

२४ मार्च

एक्स-रे. हाडाला तडा. डॉक्टर म्हणाले की ह्याच्या शेजारी जुने तडेही आहेत. सहा आठवडे बसायचं नाही, आपटायचं नाही, सिट-अप्सचं नाव काढायचं नाही.

हीरो भेटायला आला. केस विस्कटलेले, पहिल्यांदाच बघितले. पायाशी उभा राहून म्हणाला, "दादा, गादी आपण घालायची असते हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, तिथली फळीच मऊ आहे."

इतकी वर्षं हा मला त्या मऊ फळीवर पाडत होता. उठून त्याचं मुंडकं पिरगाळायची फार इच्छा झाली. उठता येईना. मग तो रडायला लागला आणि माझे पाय धरले, हळू धरले, ओढले नाहीत. मी वाचलो तो तुमच्यामुळे, म्हणाला. मी म्हटलं, चालायचंच.

तो गेल्यावर मुलगी उशाशी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, तू मुद्दाम पडलास ना?"

म्हटलं, मग काय. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. पलीकडे बायको बाही शिवत होती. ती फक्त इतकंच म्हणाली, "ड्रम जरा लवकर वाजला का हो परवा?"

मी डोळे मिटले. औषधाने झोप येत होती.

५ एप्रिल

मास्तर वर आले होते. मला वाटलं काठी. तर हातात उशी. मधोमध भोक असलेली, दुकानातली. म्हणाले, घर फार शांत झालंय, झोप लागत नाही. उशी त्यांच्या तोंडावर फेकायची होती. ठेवून घेतली.

२० एप्रिल

मेलेलं झुरळ सुरू केलं. मुलगी समोर बसून घेते. कंबर जमिनीला, हातपाय वर, श्वास सोडत एक हात खाली, एक पाय खाली. हाड दुखत नाही. पोट मात्र जळतं. हिला पदवी देऊच नये, आधी का नाही सांगितलं?

३ मे

दिग्दर्शक आला. उलटा शेवट रद्द, लोकांना जुनाच हवाय. मरायला नवा तरुण मुलगा घेतलाय. ऐकून रक्त उसळलं, हाताशी तांब्या होता, तो उचलला. तेवढ्यात म्हणाला, नव्या नाटकात तुला रोल आहे. खुनाचं रहस्य. पडदा उघडतो तेव्हा दिवाणखान्यात प्रेत पडलेलं असतं आणि शेवटपर्यंत तिथेच असतं. पालथं. संवाद नाहीत. तुझ्याइतकं चांगलं मेलेलं कोणी दिसत नाही, म्हणाला.

तांब्या खाली ठेवला. नीट विचार केला तर सगळं नाटक माझ्याभोवतीच फिरतं. पडदा उघडतो तेव्हा मी स्टेजवर, पडतो तेव्हाही मी स्टेजवर. हीरोला शेवटच्या प्रवेशात अटक होते, त्याला बाहेर नेतात. मला कोणी नेत नाही. होकार कळवला.

२४ मे, रविवार

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. मुलगी पहिल्या रांगेत. मध्यंतराची वाट न बघता आधीच गादी स्वतः घातली, काठ दाबले, गालिचा पसरला. जुन्या नाटकात आता मरणाऱ्या त्या नव्या मुलालाही विंगेत गाठून गादीचं सांगितलं. सगळे दचकले, अपशकुन म्हणाले. म्हटलं, एकेकाच्या कानाखाली काढीन.

पालथा झालो. पडदा उघडला. पोट गादीवर, हाड आकाशाकडे, कुठेही दुखत नव्हतं. इतक्या वर्षांत स्टेजवर पहिल्यांदा काहीच दुखत नव्हतं. शेवटच्या क्षणी चेहरा कसा ठेवायचा, हे मी मनात घोळवत होतो.

तिथून पुढचं आठवत नाही. दुसऱ्या अंकात प्रेत घोरत होतं म्हणे. इन्स्पेक्टरने दोन वाक्यं ओरडून म्हटली, हीरोने खोकून वेळ मारून नेली. तो चांगला मुलगा आहे. पडदा पडला, सगळ्यांनी वाकून नमस्कार केला, दिवे लागले, लोक गेले, आणि बायको येऊन मला हलवायला लागली तेव्हा सुतार सेट काढत होता.

मुलगी तिच्यामागे उभी होती. मी विचारलं, कसा झाला? म्हणाली, मस्त, बाबा. आणि तोंड फिरवून हसली.

पडदा पडला तेव्हा मी स्टेजच्या मध्यभागी होतो. बायकोने बघितलंय.